एनडीएसाठी अडीच लाख भरण्याआधी

तासगाव भागातल्या एका द्राक्ष बागायतदाराने विचारले आहे: मुलगा अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी, गणित मध्यम, इंग्रजी वाचतो पण बोलताना अडखळतो. त्याला एनडीएत, म्हणजे सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जायचे आहे. निवासी क्लासवाले दोन वर्षांचे अडीच लाख मागतात. थोरली मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून एनसीसीत आहे, तिच्याही मनात तेच आहे. पैसे भरावेत का, आणि मुलीला कोणती वाट आहे?

सैन्यातली नोकरी संपवून गावाकडे आल्यापासून मी पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलांची गणिताची आणि एसएसबीची, म्हणजे लेखीनंतरच्या अधिकारी निवडीच्या चाचण्या-मुलाखतीची, तयारी करून घेतो. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, पण अर्धवट सांगण्यासारखा हा विषय नाही.

पैसे भरायची घाई करू नका. आधी परीक्षा काय मागते ते बापलेकांनी एकत्र बसून समजून घ्या. एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. दोन पेपर, प्रत्येकी अडीच तास. गणिताला 300 गुण, 120 प्रश्न. दुसरा पेपर सामान्य क्षमता चाचणीचा म्हणजे जीएटीचा, 600 गुण, 150 प्रश्न. त्यापुढे एसएसबीला 900 गुण. म्हणजे एकूण 1800 आणि त्यातले निम्मे एसएसबीच्या हातात. क्लासच्या जाहिरातीत गणिताच्या तासांचे वेळापत्रक मोठे दिसते, या निम्म्या भागासाठी शेवटी आठ-दहा दिवसांची एक बॅच असते. वजन कुठे आहे आणि कष्ट कुठे चालले आहेत, यातली तफावत इथेच दिसते.

आता गणिताची भीती. गेल्या काही वर्षांत लेखीची कट-ऑफ 900 पैकी साधारण 290 ते 360 च्या दरम्यान राहिली आहे, शिवाय प्रत्येक पेपरात किमान 20 ते 25 टक्के लागतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात: गणितात बरोबरला 2.5 आणि चुकीला वजा 0.83, जीएटीत बरोबरला 4 आणि चुकीला वजा 1.33. समजा तुमच्या मुलाने गणिताचे 60 च प्रश्न सोडवले, त्यातले 48 बरोबर आले आणि 12 चुकले. हातात 110 गुण आले. जीएटीत 100 प्रश्न घेतले, 70 बरोबर आणि 30 चूक, तर 240. बेरीज 350. निम्मे गणित न सोडवता मुलगा लेखीच्या रेषेपाशी किंवा तिच्या पुढे पोचतो.

म्हणून मी पहिल्या महिन्यापासून मुलांना सोडून द्यायला शिकवतो. 120 प्रश्नांना 150 मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. कॅल्क्युलेटर नाही. बोर्डाची सवय पायऱ्या लिहून पूर्ण सोडवायची असते आणि हुशार मुलगा एखाद्या इंटिग्रेशनपाशी पाच मिनिटे अडून बसतो, कारण सोडणे त्याला हार वाटते. या पेपरात ती पाच मिनिटे चार सोपे प्रश्न खातात. पहिल्या फेरीत जे दिसताक्षणी येते तेवढेच घ्यायचे: मॅट्रिक्स-डिटरमिनंट, संभाव्यता, सांख्यिकी, त्रिकोणमितीतले सरळ प्रश्न, व्हेक्टर. अवघड कॅल्क्युलस दुसऱ्या फेरीला. चारपैकी एकही पर्याय बाद करता येत नसेल तर अंदाजाने काही पदरात पडत नाही, तो प्रश्न कोरा सोडावा. एक जरी पर्याय खात्रीने बाद झाला तरी उत्तर देणे फायद्याचे असते, कारण लांब पल्ल्यात तिथे बेरीज होते, वजाबाकी नाही.

अभ्यासक्रमाचा बहुतेक भाग आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या गणितात आहेच. वेगळे असते ते प्रश्न विचारण्याचे वळण. त्यासाठी गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्या छापून घ्या आणि दर रविवारी एक पेपर घड्याळ लावून सोडवायला बसवा. पेपर तपासल्यावर चुकलेले प्रश्न एका वहीत उतरवायचे, उत्तरासकट आणि का चुकले त्या एका ओळीसकट. माझ्याकडे निवड झालेल्या मुलांत सगळ्यांत समान गोष्ट कोणती असेल तर ही वही.

जीएटीकडे बहुतेक घरांत दुर्लक्ष होते आणि मला त्याचे फार वाईट वाटते. त्यातला इंग्रजीचा भाग 200 गुणांचा आहे, अवघ्या 50 प्रश्नांचा. फिजिक्स 100, केमिस्ट्री 60, सामान्य विज्ञान 40, इतिहास 80, भूगोल 80, चालू घडामोडी 40, अशी बाकीची साधारण विभागणी आहे. म्हणजे इंग्रजी एकटे फिजिक्सच्या दुप्पट. हे इंग्रजी बोलण्याचे नाही, वाचण्याचे आहे: समानार्थी शब्द, वाक्यातली चूक ओळखणे, वाक्याचे तुकडे क्रमाने लावणे, उताऱ्यावरचे प्रश्न. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचे संपादकीय पान मोठ्याने वाचणारा सेमी-इंग्रजीचा मुलगा वर्षभरात इथे चांगले गुण काढतो. मोठ्याने वाचायचे कारण पुढे एसएसबीत कळेल. विज्ञान, इतिहास, भूगोलासाठी नववी ते बारावीची एनसीईआरटीची पुस्तके पुरतात. प्रश्नपत्रिका हिंदी-इंग्रजीत असते, मराठीत नसते, तेव्हा शास्त्राचे शब्द इंग्रजीतूनच डोक्यात बसलेले बरे.

अकरावीत असताना अर्ज करता येत नाही. बारावीत गेल्यावर करता येतो. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, नेमक्या जन्मतारखांच्या मर्यादा दर अधिसूचनेत दिलेल्या असतात. वयात बसेल तितक्या वेळा परीक्षा देता येते. त्याची पहिली संधी बारावीच्या वर्षातल्या सप्टेंबरमध्ये, दुसरी बोर्डानंतरच्या एप्रिलमध्ये. फी 100 रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तीही नाही. अर्जात नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच आले पाहिजे. आपल्याकडे आडनाव आधी छापलेले असते, आधारवर उलटे, कुठे आईचे नाव वेगळे. ही भानगड आत्ताच निस्तरून घ्या, निकालानंतर पळापळ होते. दुसरी एक गोष्ट मुले हमखास विसरतात: लेखीचा निकाल लागला की आर्मी पहिली पसंती दिलेल्यांना दोन आठवड्यांच्या आत सैन्याच्या भरती संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ती केली नाही तर एसएसबीची तारीखच मिळत नाही.

मुलगा सायन्सला आहे म्हणून आणखी एक दार उघडे आहे. आर्मीची 10+2 टेक्निकल एंट्री, टीईएस. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून 60 टक्के आणि जेईई मेन दिलेली असणे या तिच्या अटी. यूपीएससीची लेखी नाही, अर्जांतून निवडलेल्यांना थेट एसएसबीचे बोलावणे येते. आपल्याकडची मुले एमएचटी-सीईटी देतात आणि "आपल्याला काय आयआयटी करायचीय" म्हणून जेईई मेनचा फॉर्मच भरत नाहीत. मग बारावीला चांगले गुण असूनही हे दार बंद. फॉर्म भरा.

भरती अकॅडमीबद्दल इथेच बोलतो. सांगली-साताऱ्याकडे पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर पळणारी मुले दिसतात, ती अग्निवीर किंवा पोलीस भरतीची तयारी. अधिकाऱ्यांच्या निवडीत 1600 मीटरची शर्यत नाही. पळणे चांगलेच, अंग कसलेले हवेच, प्रबोधिनीत पहिल्या आठवड्यात त्याची किंमत कळते. पण दिवसातले पाच तास मैदानावर घालवून संध्याकाळी दमलेला मुलगा पुस्तक उघडत नाही आणि दोन वर्षे निघून जातात. अर्धा-पाऊण तास धावणे, दोरीवर चढणे, जोर-बैठका, बस.

आता एसएसबी. मला सगळ्यांत जास्त सांगायचे आहे ते इथे.

बोलावणे भोपाळ, बंगळुरू, प्रयागराज किंवा जालंधर अशा एखाद्या निवड केंद्राचे येते. हवाई दल आणि नौदलाची केंद्रे वेगळी. एखाद्या प्रकारच्या कमिशनसाठी, म्हणजे अधिकारीपदाच्या भरतीसाठी, पहिल्यांदाच जाणाऱ्याला रेल्वेचे भाडे परत मिळते. पाच दिवसांचा मामला, पण पहिल्याच दिवशी मोठी गाळणी लागते. सकाळी तर्कबुद्धीची चाचणी, मग एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. नंतर गटात ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. याला पीपीडीटी म्हणतात. संध्याकाळच्या आत कित्येक मुले परतीच्या गाडीत असतात. आपली मुले इथेच गळतात, आणि बहुतेकदा गोष्ट वाईट असते म्हणून नाही. बारा-पंधरा जण एकदम ओरडायला लागले की आपला मुलगा "आधी त्यांचे होऊ दे" म्हणून गप्प बसतो. घरी त्याला हेच वळण लावलेले असते. तिथे मात्र जे बोलले गेले नाही त्याची नोंद होत नाही. दोनदा, तीनदा, छोट्या स्पष्ट वाक्यांत बोलले तरी पुरते. इंग्रजी सफाईदार असायलाच हवे असे नाही, एखादा हिंदी शब्द आला म्हणून कोणी घरी धाडत नाही. ज्याला रोज मोठ्याने वाचायची सवय आहे त्याच्या तोंडाला वाक्ये आलेली असतात.

पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या: 11 चित्रे आणि एक कोरी पाटी अशा 12 गोष्टी, 60 शब्दांवर प्रत्येकी 15 सेकंदांत एकेक वाक्य, 60 प्रसंगांवर 30 मिनिटांत उत्तरे आणि 15 मिनिटांत स्वतःचे वर्णन. वेग असा आहे की सजवायला वेळच उरत नाही, आणि तीच त्यांची योजना आहे. तरीही क्लासमधून मुले पाठ केलेल्या गोष्टी घेऊन जातात. प्रत्येक चित्रातला तरुण बुडणाऱ्याला वाचवतो, अतिरेकी पकडतो, शेवटी त्याला पदक मिळते. सरावाच्या वेळी माझ्यासमोर अशा गोष्टींचे गठ्ठे येतात आणि नावे झाकली तर एकाची दुसऱ्यापासून वेगळी काढता येत नाही. रोज हेच काम करणाऱ्या मानसतज्ज्ञाला त्यातून त्या मुलाबद्दल काय कळणार?

पायरीवर डोके धरून बसलेल्या माणसाचे चित्र आहे असे धरा. तुमच्या मुलाने अवकाळीने बागेचे घड गेल्यानंतरचे दिवस पाहिले असतील. पंचनाम्यासाठी तलाठ्याकडे कोण गेले, बँकेच्या हप्त्याचे काय केले, उरलेल्या मालाचा बेदाणा करायचे कोणी सुचवले, शेडसाठी शेजाऱ्याशी कसे बोलणे झाले. त्यातून गोष्ट लिहिली तर तिच्यात अडचण खरी, माणूस खरा आणि मार्ग शक्यतेतला असतो. प्रसंगांच्या चाचणीतही तेच. "परीक्षेला जाताना एसटी बंद पडली" असे आले तर मुले लिहितात, "तो बस दुरुस्त करून सर्वांना वेळेत पोचवतो." पुढच्या वाहनाला हात करून केंद्र गाठणे, सोबतच्या दोघा परीक्षार्थींना बरोबर घेणे आणि केंद्रावर फोन करून ठेवणे हे साधे उत्तर कितीतरी चांगले. आपला मुलगा खरोखर काय करील, ते लिहायचे.

गटकार्याचे दोन दिवस मैदानावर असतात. फट्टा (फळी), बल्ली (वासा), रस्सी एवढ्या सामानावर गटाने अडथळे पार करायचे, काही खांबांना हात लावायचा नाही, ठरावीक जागेच्या बाहेर पाय पडता कामा नये. बल्ली कुठे बांधली म्हणजे वजन पेलेल, हे शेतात मांडव घातलेल्या मुलाला शहरातल्या मुलापेक्षा लवकर दिसते. तो मनातल्या मनात उत्तर काढतो आणि दुसऱ्याने तीच युक्ती सांगितल्यावर निमूटपणे ओझे उचलतो. तुमच्या मुलाला एवढेच सांगा की हातात फट्टा घेऊनच बोलायचे, "हा इथे, तू पलीकडे जा," इतके इंग्रजी त्याला येतेच. शिवाय गटचर्चा, नकाशावरचे नियोजन, तीन मिनिटांचे छोटे व्याख्यान, वैयक्तिक अडथळे आणि कमांड टास्क असतात. कमांड टास्कमध्ये स्वतःचे साथीदार निवडायचे असतात. कोण कोणाला बोलावतो यावरून गटात माणसाची पत कळते.

मुलाखत पीआयक्यू नावाच्या माहितीपत्रकावरून होते. वडिलांचा व्यवसाय, उत्पन्न, भावंडे, शाळा, खेळ, छंद, जबाबदाऱ्या, सगळे त्यात लिहिलेले असते. आमच्याकडे सराव मुलाखतीत मी मुलांना घरचेच विचारतो. गावची लोकसंख्या किती? यंदा एकरी खर्च किती आला? तासगावच्या बाजारात बेदाण्याचा सौदा कसा निघतो? दुधाला फॅटप्रमाणे काय दर मिळतो? नाटोचे सदस्य देश धडाधड सांगणारी मुले इथे गप्प होतात. बापाच्या धंद्याचा हिशेब माहीत नसलेला मुलगा जबाबदारी घेतो असे कसे मानावे? तेव्हा तुम्हाला माझे पहिले काम हे: येत्या हंगामापासून बागेच्या खर्चाची वही त्याच्याकडे द्या. मजुरांचे पगार त्याने वाटावेत, औषधांच्या बिलांची जुळणी त्याने करावी, व्यापाऱ्याशी बोलताना तो शेजारी असावा. गणेश मंडळाची वर्गणी, गावच्या यात्रेतले पाण्याचे नियोजन, वर्गातल्या दोघांतली भांडणे, यांत त्याला पडू द्या. अधिकाऱ्यात हवेत असे पंधरा स्वभावगुण एसएसबीत तपासतात, आणि पाच दिवसांत वेगवेगळे तीन जण तेच गुण वेगवेगळ्या बाजूंनी शोधतात. मानसतज्ज्ञाला लिहिण्यात, गटकार्य अधिकाऱ्याला मैदानावर आणि मुलाखतकाराला बोलण्यात एकच माणूस दिसला पाहिजे. घोकलेला माणूस एका ठिकाणी टिकतो, तिन्ही ठिकाणी नाही. पाचव्या दिवशी कॉन्फरन्समध्ये हे तिघे समोरासमोर बसतात.

यासाठी अडीच लाख लागत नाहीत. लेखीनंतर सराव हवाच असेल तर राज्य सरकारच्या सैनिक कल्याण विभागाचे नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे महाराष्ट्रातल्या उमेदवारांना एसएसबीचे प्रशिक्षण राहण्या-जेवणासकट मोफत मिळते. कोणत्या तुकडीत कोणाला घेतात त्याच्या अटी ठरलेल्या असतात, सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा. गणितासाठी गावात किंवा तालुक्याला चांगला शिक्षक असेल तर त्याची शिकवणी लावा, तेवढा खर्च रास्त आहे. हे वाचणाऱ्यांत कोणाची मुले आठवी-दहावीत असतील तर त्यांनी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था म्हणजे एसपीआय जरूर पाहावी. 1977 पासून ती याच कामासाठी चालते, प्रवेश दहावीनंतर असतो. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे. तुमच्या मुलाची ती वेळ गेली, त्याची खंत करू नका.

वैद्यकीय तपासणीचे मात्र आजच बघा. दोन वर्षे अभ्यास करून, एसएसबीत निवड होऊन, रंगांधळेपणावर मुलगा बाद झालेला पाहणे फार जड जाते. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये रंगदृष्टी, चष्म्याचा नंबर, कान, सपाट तळपाय, गुडघे चिकटतात का, एवढे दाखवून घ्या. उंची आर्मीसाठी मुलांना 157 सेंटिमीटर आणि मुलींना 152, वाढत्या वयाची थोडी सूट असते. चष्मा आहे म्हणून घाईने लेसर ऑपरेशन करू नका, वयाच्या 20 वर्षांआधी केलेले ते ग्राह्य धरत नाहीत. दंडावर, मानेवर गोंदवून घेऊ नये. दोष निघाला तर अपील बोर्डाकडे जाता येते, मुदत आणि रुग्णालय तिथेच लेखी सांगतात.

मुलीबद्दल. तिच्यासाठी एनडीएचे वय गेले असेल. तरी ऐकून ठेवा की 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना ती परीक्षा देऊ दिली, 2022 मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि मे 2025 मध्ये त्यातल्या 17 जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. धाकट्या पुतणीला, भाचीला सांगायच्या कामाला येईल. तुमच्या मुलीपुढे दोन वाटा आहेत. पहिली सीडीएस, म्हणजे पदवीधरांसाठीची अधिकारी भरतीची परीक्षा, तीही यूपीएससीचीच, वर्षातून दोनदा. चेन्नईच्या ओटीए या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीसाठी मुलींना घेतात आणि त्याला इंग्रजी व सामान्य ज्ञान असे 100-100 गुणांचे दोनच पेपर, गणित नाही. बी.ए.च्या मुलीला हे सोयीचे. दुसरी एनसीसी स्पेशल एंट्री: 'सी' प्रमाणपत्र किमान बी ग्रेडने आणि पदवीला 50 टक्के. यात लेखीच नाही, सरळ एसएसबी. शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो, अट इतकीच की आधीच्या वर्षांचे मिळून 50 टक्के हवेत. जागा मात्र बोटांवर मोजण्याइतक्या असतात, म्हणून दोन्ही अर्ज भरावेत. तिने 'सी'ची परीक्षा चुकवता कामा नये, कॅम्प टाळता कामा नयेत. लग्नाची बोलणी सुरू असतील तर थांबवा. दोन्ही वाटांना अविवाहित असण्याची अट आहे आणि वयाची मर्यादा साधारण पंचविशीपर्यंत जाते, म्हणजे तिच्या हाती अजून चार-पाच वर्षे आहेत.

मुलाचेही बारावीत जमले नाही तर हेच. त्याला कोणत्याही पदवीला घाला, पहिल्या वर्षापासून एनसीसीत नाव नोंदवा आणि सीडीएसची तयारी चालू ठेवा. तिथून डेहराडूनच्या आयएमए या सैन्य प्रबोधिनीत वयाच्या 24 पर्यंत जाता येते आणि तिथले गणित दहावीच्या पातळीचे असते. एनडीएसाठी पाठ केलेले इंग्रजी, इतिहास, भूगोल जसेच्या तसे कामी येते. इंजिनिअरिंग केले तर टेक्निकल एंट्री वेगळ्या आहेत. मुलाला हे सगळे आत्ताच, पहिला पेपर देण्याआधी सांगून ठेवा. एकच संधी आहे अशा समजुतीने बसलेला मुलगा सप्टेंबरच्या त्या पेपरात सोडायचे प्रश्न सोडत नाही.